वादळवीराची गाठ कोण बांधतं?

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार लिहावा की नाही, यात सकाळचा चहा गार झाला. लिहिते. वयाने मोठा आहेस म्हणून, बाकी कुठल्याही कारणाने नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर बहिणीचा राग गेला असं समजून तू लगेच पाय पसरशील.

कामाचं पत्र आहे. परवा आमच्या छापखान्यात सिनेमावाले दोघं आले होते. हे मशीनखाली आडवे होऊन रोलर पुसत होते. त्यांना वाटलं कुणी पत्रकं छापायला आलंय, तर तिथूनच ओरडले, ‘आठवडाभर थांबावं लागेल!’ दिग्दर्शक म्हणजे कुणी पोट सुटलेला गृहस्थ असेल असं मला उगीच वाटायचं. हा पोरगेलासा, एका पायात निळा मोजा आणि दुसऱ्यात हिरवा. त्याच्याबरोबर पटकथा लिहिणारी बाई. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि बिचारी पर्समध्ये शोधतेय. ती मला म्हणाली, ‘साप्ताहिकातल्या वादळवीराची चित्रं तुम्हीच काढायचात ना? आणि तुमचे भाऊ लिहायचे?’ इतक्या वर्षांनी ते नाव परक्या तोंडून ऐकलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, तिला बसा म्हणायच्या आधी मीच खाली बसले.

तर आपल्या वादळवीराचा सिनेमा निघतोय. साप्ताहिकाच्या मालकांच्या मुलांनी परवानगी देऊन टाकलीय, त्यात आपलं काही चालणार नाही. अडलंय ते झुळुकेपाशी. वादळवीराचं सगळं तू पहिल्या अंकात लिहून ठेवलंस, वेधशाळेत नोकरी, छपरावर पडलेली वीज, अंगात शिरलेलं वादळ. पण ही दोन वेण्यांची पोरगी अचानक एका अंकात त्याच्या पाठीमागे उभी दिसते. ती कुणाची कोण? का आली? आणि शेवटी गेली कुठे? मी म्हटलं, ‘त्याच्या शेल्याची गाठ बांधायला आली.’ दोघं हसले. मी हसले नाही.

त्यांची गोष्ट त्यांनी तयार ठेवलीय. झुळुकेचे आईवडील वादळवीराच्याच एका मारामारीत इमारतीखाली सापडून जातात. त्याला टोचणी लागते, म्हणून तो तिला वाढवतो. आणि मध्यंतराच्या आधी ती पाण्याच्या टाकीवरून पडून मरते, म्हणजे मग तो पेटून उठायला मोकळा. टाकीवरून पडून, दादा! ही गोष्ट तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत होती? तू सांगितलीस का त्यांना? खरं सांग.

पोरगा वाईट नाही. तो म्हणाला, ‘तुम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट द्या. ती का आली आणि का गेली. आम्हाला पटली तर तीच करू. मार्चअखेर चित्रीकरण सुरू होतंय, तोपर्यंत नाही आली तर आमची आहेच.’ दोघांनी मिळून, असं तो दोनदा म्हणाला. एकटीची चालणार नाही का, असं मी विचारून पाहिलं. तर म्हणतो, अंकावर दोन नावं होती ना.

तेव्हा काय ते कळव.

तुझी बहीण

१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! एवढी वर्षं पगारी लेखक होतास आणि बहिणीला दोन ओळी. ‘मी कुणाला काही सांगितलं नाही, असलं मरण कुणालाही सुचतं. तुला हवं ते कर, माझी हरकत नाही.’ हरकत कुणी विचारली होती? मी गोष्ट मागितली होती.

पण पहिल्या ओळीवर माझा विश्वास बसला. असलं मरण कुणालाही सुचतं, हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, तेवढ्यावर मी एक दिवस खूश होते.

तुला आठवत नसेल, म्हणून मीच लिहिते. आणि आठवत असेल तर वाचताना मान खाली घाल.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून म्हणायचं, कारण आईच्या शेगडीला पाठ लावून माझा चित्राचा फळा असायचा. पोळपाटाएवढ्या जागेत मी आठ चौकटी आखायची आणि आई वरून वाफ सोडायची. कितीतरी पानांना फोडणीचा वास होता, मालक पान नाकाशी धरून म्हणायचे, ‘आज काय, लसूण वाटतं?’ तू खिडकीत बसून पेन्सिल चावायचास. चावून चावून तिचं टोक झाडूसारखं व्हायचं आणि मग माझी घ्यायचास.

वादळवीर उडताना कसा दिसेल ते मला जमेना. तेव्हा तू पलंगावरची चादर अंगावर घेतलीस आणि म्हणालास, ‘बारके, बांध मागे.’ मी तुझ्या मानेमागे गाठ मारली. मग तू स्टुलावर चढून दोन्ही हात पसरलेस, खिडकीतून वारं आलं, चादर फुगली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबून बघत राहिल्या. मी जे दिसलं ते काढलं. पुढून काढलं, बाजूने काढलं, पाठमोरं काढलं. पाठमोऱ्यात गाठ आली. जगातल्या सगळ्या वीरांचे शेले पुढे गळ्याशी बांधलेले असतात, हे आपल्या दोघांच्या डोक्यात आलंच नाही! मी काढलं, तू पाहिलंस, मालकांनी छापलं. आपण तिघंही शहाणे.

मग ते कार्ड आलं. कुणा शाळकरी मुलीचं, वाकड्या अक्षरात. ‘वादळवीर एकटा राहतो असं तुम्ही लिहिता. मग त्याची मागची गाठ कोण बांधतं?’

मालकांनी कपाळाला हात लावला. माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, पुढच्या अंकापासून गाठ पुढे घेते, कुणाला कळणार नाही. आणि तू म्हणालास, ‘छे, छे. विचारलंय तर सांगायला पाहिजे.’ दुसऱ्या दिवशी मला पान लिहून दिलंस. वादळवीर धडपडतोय, हात मागे पोचत नाहीत, बाहेर शहर बुडतंय आणि हा स्वतःभोवती गोल गोल फिरतोय. तेवढ्यात गच्चीवर कपडे काढायला आलेली पोरगी म्हणते, ‘थांबा हो काका, गरागरा फिरू नका.’ झाली झुळूक!

तिचं ना कुणी मेलं होतं, ना तिच्यावर वीज पडली होती. तिला गाठ बांधता येत होती आणि ती तिथे होती. एवढंच तिचं कारण. मला अजूनही ते पुरेसं वाटतं. त्या पटकथेच्या बाईला हेच सांगितलं, तर ती फार हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, प्रेक्षक विचारतात, कुणी उगीच कुणासाठी का येईल?’

याचं उत्तर तू दे. शब्द तुझं खातं होतं.

तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

दादा,

मी त्यांच्या कचेरीत जाऊन आले. हे सोबत आले होते, पण बाहेरच्या कोचावर घोरत पडले.

आत भिंतभर आपल्या चौकटी लावल्यात. जुने अंक कुठून गोळा केले देव जाणे. माझी रेघ किती थरथरायची रे तेव्हा! पण झुळूक पहिल्यापासून नीट आलीय, एकदाही हात चळलेला नाही. मी सगळ्या भिंतीवरून चालत गेले. प्रत्येक अंकाच्या शेवटी आईची हाक होतीच. झुळुकेची आई, चेहरा कधी दाखवला नाही, नुसता चौकटीच्या कोपऱ्यातून येणारा फुगा: ‘पुरे झालं आता, घरी ये!’ मग झुळूक पळते आणि वादळवीर टाकीवर एकटा. गाठ सोडायला कुणी नाही, म्हणून तो शेल्यासकट झोपतो. यावर लोक किती हसायचे! मला बघता बघता रडू आलं. आपल्या आईचाच तो आवाज. तू तिचे शब्द जसेच्या तसे घ्यायचास आणि ती छापून आलेलं वाचून म्हणायची, ‘ही बाई अगदी माझ्यासारखी कावलेली दिसते.’

त्यांनी पोशाख दाखवला. काळा, रबरी, आत कडक. शेला खांद्यांना लोहचुंबकाने चिकटतो. टक् करून बसतो आणि टक् करून सुटतो. मी विचारलं, ‘मग झुळूक काय करणार?’ दिग्दर्शकाने मोज्यांकडे बघितलं. त्या दिवशी दोन्ही पिवळे होते. म्हणाला, ‘म्हणून तर तिला दुःख द्यावं लागतंय, ताई. नाहीतर तिला कामच उरत नाही.’

पटकथेची बाई मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिलाही ते मरण आवडत नाहीय. पण म्हणाली, ‘मला दुसरं काही द्या, मी त्याच्याशी भांडते. रिकाम्या हाताने कशी भांडू?’

आता दुसरी गोष्ट. घरी आल्यावर मी गच्चीत वाळवण काढायला गेले, तर हे टाकीच्या आडोशाला फोन कानाला लावून म्हणतायत, ‘घोडा पुढे घे, मग बघ तुझी कशी जिरवतो.’ मी म्हटलं, कोण आहे? ह्यांच्या तोंडून तुझं नाव निघालं. दर रविवारी, दादा! दर रविवारी माझा नवरा आणि माझा भाऊ फोनवरून बुद्धिबळ खेळतायत, आणि ते आजचं नाही, लग्न झाल्यापासूनचं! आणि मी इथे खुळ्यासारखी समजत होते की रविवारी ह्यांना गच्चीतलं ऊन मानवतं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्यांच्याशी मी अजून बोलत नाहीय, चहा टेबलावर आपटून ठेवते. ज्याने तुझी बहीण पळवली असं तू सगळ्या मजल्याला ऐकवलंस, त्याच्याशी उंट-घोडे, आणि बहिणीशी तोंडाला कुलूप?

हे एवढंच म्हणाले, ‘तो दरवेळी खेळ संपला की विचारतो, बारकी काही काढते का हल्ली.’ मग तुम्ही काय सांगता, असं मी न बोलता नुसतं बघितलं. म्हणाले, ‘सांगतो, नाही काढत.’

मार्च तोंडावर आलाय.

तुझी बहीण

९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. रविवारी ह्यांनी फोन केला तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन बसले. तू खेळलास. मी तिथे आहे हे तुला कळलं होतं, कारण तू एकदाही ‘चेक’ असं मोठ्याने ओरडला नाहीस. लहानपणी ओरडायचास. पण बोलला नाहीस.

मग आता मी बोलते. सोक्षमोक्ष झालेला बरा.

तुला इतकी वर्षं वाटतंय की तू झुळुकेला मारलंस म्हणून मी चिडले. मी लग्न करून ह्यांच्या छापखान्यासकट दुसऱ्या गावी निघाले, तू शेवटचा अंक लिहून दिलास, त्यात ती टाकीवरून पडते, मी काढायला नकार दिला, मालकांनी ते पान कोरं छापलं आणि साप्ताहिक बंद पडलं. हे झालं वरवरचं. लोकांनी तर कोऱ्या पानाचं कौतुकही केलं, म्हणे निरोपाचं काय दुःख दाखवलंय. कसलं दुःख? चित्रकार रुसली होती!

पण मी का रुसले ते तुला तरी कळायला हवं होतं. दादा, तू सात चौकटी लिहायचास. नेहमी सातच. आठवीच्या जागी तुझ्या त्या बारीक अक्षरात एकच ओळ असायची: ‘शेवटची चौकट तुझी.’ मी काय काढेन ते तुला अंक छापून येईपर्यंत माहीत नसायचं. तू पहाटे उठून दाराशी पडलेला अंक उचलायचास आणि आधी शेवटची चौकट बघायचास, मी अंथरुणातून एक डोळा उघडून तुझ्याकडे बघायची. हसलास तर मी पुन्हा झोपायची. जन्मात मला कुणी एवढा मान दिला नाही. शाळेत नाही, मालकांनी नाही, ह्यांनीसुद्धा नाही, आणि हे चांगले आहेत.

त्या शेवटच्या पानावर आठही चौकटी भरलेल्या होत्या. आठवीत तू लिहिलं होतंस, ‘टाकीखाली झुळुकेची रिबीन. बाकी काही नाही.’ माझ्यासाठी जागाच नव्हती. पोरगी मेली याचं मला वाईट वाटलंच, पण गोष्टीत माणसं मरतात. मला तू माझ्या चौकटीतून बाहेर काढलंस ते सहन झालं नाही. मी निघाले होते खरी, पण आपलं काम सोडून नव्हते निघाले. पोस्टाने पानं पाठवता आली असती. मी तुला तसं म्हणणारच होते.

त्यानंतर मी टाक हातात धरला नाही. जाहिरातींना किनारी काढून देते, तेवढंच.

आता ऐक. झुळूक दुसऱ्यांदा मरायला निघालीय, या खेपेला पडद्यावर, मोठ्या आवाजात, आणि सगळं शहर ते बघणार. ती का आली हे मी सांगू शकते. ती का गेली हे मला येत नाही, ते मला कधीच आलं नाही, म्हणून तर पान कोरं राहिलं. तुला येतं. तू लिही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिच्यासाठी लिही.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहायचं नव्हतं, पण शाईने लिहिते आहे, आता खोडत नाही.

बारकी

१८ मार्च

बारके,

आधी हे वाच, मग खालचं पान.

तुझ्या नवऱ्याला बोलू नकोस. पहिला फोन त्याने केला होता, आणि मी शिव्या देऊन ठेवून दिला होता. त्याने पुढच्या रविवारी परत केला आणि एवढंच म्हणाला, ‘प्यादं दोन घरं पुढे.’ असल्या माणसापुढे कुणीही हात टेकेल. पटावर मात्र तो कच्चाच आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ती आठवी चौकट मी पहिल्यांदा मोकळीच सोडली होती. पान तुझ्या फळ्यावर ठेवायला आलो. तू नव्हतीस, नव्या घराच्या पडद्यांचं कापड आणायला गेली होतीस. आई म्हणाली, पोरगी सकाळपासून गुणगुणत होती. तेव्हा मला कळलं की तू आठवीत काय काढशील. झुळूक गेलेली असली तरी तू तिला कुठेतरी हसत जाताना काढलं असतंस. मला ते पहाटे उठून बघायचं नव्हतं. म्हणून ती चौकट मी भरून टाकली. तिला मारलं तेही त्यासाठीच. मेली म्हणजे कुणी विचारणार नाही की ती का गेली, आणि वादळवीर तिच्याशिवाय कसा राहतो. मला उत्तर येत नव्हतं.

तू गेल्यावर बरीच वर्षं मी कुणासाठी तरी जाहिराती लिहिल्या. मागच्या वर्षीपासून उजवा खांदा आखडलाय, हात मागे जात नाही. डॉक्टरीण रोज व्यायाम करायला सांगते, हात मागे न्या, आणखी मागे न्या. मी तिला विचारलं, मागे नेऊन करू काय? ती म्हणाली, गाठ बांधायचा प्रयत्न करा. मला इतकं हसू आलं की तिने पाणी दिलं.

पटकथेच्या त्या बाईंना मी काल फोन केला. त्यांचा प्रश्न तू लिहिला होतास, कुणी उगीच कुणासाठी का येईल. मी म्हटलं, बाई, मला बहीण आहे, मला हे सिद्ध करावं लागत नाही. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मग दिग्दर्शकाने फोन घेतला. त्याला पहिल्या सात चौकटी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, लोहचुंबक काढतो, आठवी सांगा. म्हटलं, ती माझ्याकडे नसते, बहिणीकडे असते, ती येईपर्यंत थांब. थांबतो म्हणाला.

पान देतो.

चौकट पहिली. गच्ची, टाकी. संध्याकाळ. झुळूक मोठी झालीय, वेण्या नाहीत. हातात कपड्यांची टोपली.

चौकट दुसरी. झुळूक: ‘उद्यापासून मी यायची नाही हो काका. दुसऱ्या गावी चाललेय.’

चौकट तिसरी. वादळवीर. तोंड उघडं. फुगा आहे, पण त्यात शब्द नाहीत.

चौकट चौथी. वादळवीर: ‘मग गाठ?’

चौकट पाचवी. झुळूक त्याला धरून फिरवते. शेल्याची टोकं पुढे गळ्याशी आणते. झुळूक: ‘अशी पुढे बांधायची. सगळे तशीच बांधतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

चौकट सहावी. वादळवीर: ‘मग सांगितलं का नाहीस?’ झुळूक: ‘मग मला कुणी बोलावलं असतं?’

चौकट सातवी. कोपऱ्यातून आईची हाक: ‘पुरे झालं आता, घरी ये!’ दोघंही हाकेकडे वळून बघतात. वादळवीराने स्वतः बांधलेली पहिली गाठ, फार वाकडी.

शेवटची चौकट तुझी.

दादा